घरात माणशी किती कॅलरी उपलब्ध, हे कसं काढायचं?

मृणाल, इंदूर:
रामबागेतल्या काही घरांची महिन्याची किराणा खरेदी लिहून घेतली आहे. दोन घरांत आकडा रोज माणशी 3,500 किलोकॅलरीच्या वर जातो. काय तपासावं?

शिरीष:
मृणालताई, आधी तेल बघा. 15 किलोचा डबा म्हणजे 1,35,000 किलोकॅलरी. तो महिन्यात संपला असं धरलं, तर चौघांच्या घरात माणशी रोज 1,125 नुसत्या तेलाच्या! खरेदी म्हणजे वापर नव्हे. पहिल्या दिवशीचा साठा, अधिक आलेलं, वजा शेवटच्या दिवशीचा साठा, असंच करा. वर्षाचे गहू भरणाऱ्या घरांत कोठीला हात लावू नका, दळणाला जाणारा डबा तेवढा तोला. तेल लिटरमध्ये सांगितलं तर 1 लिटर म्हणजे सुमारे 910 ग्रॅम. तळून टाकून दिलेलं वेगळं वजा करा.

वैशाली_आहार:
कोष्टक एकच वापरा. 2017 च्या भारतीय अन्नघटक कोष्टकात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे, 4.184 ने भागायची. केळी सालीसकट तोलली असतील तर साल वजा.

अनंत_जोशी:
भागाकार डोक्यांनी नको, जेवणांनी करा. पाहुण्यांची पानं मिळवा, डबा न नेता बाहेर जेवणाऱ्यांची वगळा. सकाळचे विकतचे पोहे-जिलेबी मात्र वेगळ्या रकान्यात हवेत, ते किराण्यात दिसत नाहीत. शिवाय बैठं काम करणाऱ्या पुरुषाची सरासरी गरज 2,110 आणि स्त्रीची 1,660 धरतात (आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, 2020), म्हणून पुरुषाला 1 एकक धरून स्त्रीला 0.79 एकक द्या.

आणि हा आकडा घरात उपलब्ध असलेल्याचा आहे. सुनेच्या ताटात किती पडलं, ते यातून कळत नाही. त्यासाठी ताटंच तोलावी लागतील.