आठ पॉइंटनी मागे असताना टू-पॉइंट कशाला?

ओहायोची_आई: मुलगा इथल्या हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये लाइनवर, म्हणजे पुढच्या फळीत, खेळतो. शुक्रवारी रात्री आम्ही ०-१४ मागे. शेवटच्या क्वार्टरमध्ये टचडाउन (सहा पॉइंट) झाला, म्हणजे ६-१४. त्यानंतर किक मारून एक पॉइंट मिळतो, किंवा चेंडू परत रेषेपलीकडे नेऊन दोन, तो टू-पॉइंट. आता किक मारून सात करायचे, पुढच्या टचडाउनला परत किक, की बरोबरी. शाळकरी पोरांनाही कळतं हे! पण कोचने टू-पॉइंटला पाठवलं. अडवले. नंतर दुसरा टचडाउनही झाला, तर परत टू-पॉइंट, परत अडवले. १२-१४ हरलो. बसायच्या फळ्यांवर पालक नुसते खवळले होते. कोच चुकला की मला खेळ कळत नाही?

नाना_जर्सीवाले: कोच चुकला. हातचे पॉइंट सोडायचे नसतात. विषय संपला.

चौथा_डाउन: नाना, थांबा जरा. ताई, कोचने बरोबर केलं, आणि हरला म्हणून ते चूक ठरत नाही.

तुम्हाला दुसरा टचडाउन मिळणार आणि समोरचे आता काही करणार नाहीत, असं धरून चला. नाहीतर काहीही करा, हरणारच. दोन्ही वेळा किक मारली तर ओव्हरटाइम, म्हणजे पन्नास टक्के. आता आधीच टू-पॉइंटला गेलात आणि जमलं, तर पुढच्या वेळी साधी किक मारून सामना खिशात. नाही जमलं, तर दुसऱ्या वेळी परत संधी आहे, बरोबरी करायची. एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीग) दोन यार्डांवरून हे साधारण निम्म्या वेळा जमतं. त्या हिशोबाने जिंकायची शक्यता साठच्या वर जाते. अडतीस टक्के जमलं तरी तोटा नाही. आणि हे किक कधीच चुकत नाही असं धरून!

क्रिकेटमध्ये टारगेट माहीत असलेला जसा ओव्हर बघून खेळतो, तसंच हे. काय लागणार आहे ते आधी कळलेलं बरं.

नाना_जर्सीवाले: गणित कागदावर छान दिसतं. २०२० साली एनएफएलमध्ये टेक्सन्स टायटन्सविरुद्ध ३६-२९ पुढे होते, दोनेक मिनिटं उरलेली. किक मारली असती तर आठची आघाडी. टेक्सन्सचे कोच रोमिओ क्रेनेल गेले टू-पॉइंटला, फसले. टायटन्सनी टचडाउन आणि किकने बरोबरी केली, ओव्हरटाइममध्ये ४२-३६ जिंकले. बोला.

चौथा_डाउन: बोलतो. तिथे जमलं असतं तर नऊची आघाडी, म्हणजे एका टचडाउनने काम भागणार नव्हतं. किक मारून आठ केले असते, तर टायटन्सना टचडाउनवर टू-पॉइंट लागले असते, तेही निम्म्या वेळा जमतातच. दोन्ही रस्ते जवळपास सारखेच होते. क्रेनेलना शिव्या पडल्या त्या निकालामुळे.

धोका सांगायचा तर २०१६ चा सांगा ना! फाल्कन्स चीफ्सविरुद्ध २८-२७ पुढे गेले, तीनची आघाडी करायला टू-पॉइंटला गेले, चीफ्सच्या एरिक बेरीने पास पकडला आणि थेट दुसऱ्या टोकाला पळाला. त्याचे दोन पॉइंट चीफ्सना. २९-२८.

नाना_जर्सीवाले: हा मात्र मी लाइव्ह पाहिलाय 😀

ओहायोची_आई: आमचा किकर म्हणजे सॉकर टीमकडून उसना आणलेला पोरगा, मागच्या शुक्रवारी दोन किक चुकल्या. तेव्हा कोचचं पटतंय. पण दोन्ही वेळा तोच प्ले, मधूनच घुसायचं. मुलगा म्हणतो, दुसऱ्या वेळी समोरची पोरं तिथे आधीच उभी होती.

चौथा_डाउन: यावर मात्र खुशाल भांडा. फेब्रुवारी २०१७ च्या सुपर बोलमध्ये (एनएफएलची फायनल) पेट्रियट्स फाल्कन्सविरुद्ध २८-३ मागे होते. पहिल्या टू-पॉइंटला पास देणाऱ्या ब्रेडीला वगळून स्नॅप (खेळ सुरू करताना मागे दिलेला चेंडू) थेट जेम्स व्हाइटकडे, तो मधून घुसला. दुसऱ्या वेळी ब्रेडीने झटकन बाजूला अमेंडोलाला पास दिला. २८-२८. तोच प्ले परत दाखवला असता तर फाल्कन्स वाटच बघत असते.

नाना_जर्सीवाले: कोचला भेटाल तेव्हा हे विचारा. पण घरी मुलाला विचारून, नाहीतर त्याला बेंचवर बसवतील.