मदत हवी आहे: दुसरा राऊटर जोडला, पण इंटरनेट येत नाही

नमस्कार मंडळी. आमचं घर खानापूर तालुक्यात, जुनं, जांभ्या दगडाच्या जाड भिंतींचं. फायबरचा मोडेम पुढच्या सोप्यात आहे, मागच्या खोलीत वायफाय पोचतच नाही. मुलगी बारावीला, अभ्यास तिथंच करते. तिचे ऑनलाइन तास बुडतात, याची फार काळजी लागली आहे.

म्हणून जुना राऊटर मागे लावला. २० मीटर कॅट ६ (नेटवर्कची) केबल मोडेमच्या लॅन पोर्टातून (घरातली यंत्रं जोडायची जागा) राऊटरच्या वॅन पोर्टात (बाहेरून इंटरनेट आत घ्यायची जागा) घातली. दिवे सगळे लागतात, फोनवर वायफाय दिसतं, पण इंटरनेट नाही. मोडेम आणि राऊटर, दोघांचाही नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता १९२.१६८.१.१ आहे. घोळ तिथंच असावा.

आता जुन्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करायचा, त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करायचं आणि केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टात घालायची, म्हणजे तो नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट (मोडेमचंच इंटरनेट वायफायवरून पुढे देणारा) होईल, असा विचार आहे. बरोबर आहे का? दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवू की वेगवेगळे?

आणखी एक. केबल परसातून उघडीच गेली आहे. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. पीव्हीसी पाइपातून नेली तर पुरेल, की बाहेरची वेगळी केबल घ्यावी लागेल? कुणी असं केलं असेल तर कृपया सांगा.