माशांची पिल्लं मोजून मासे वाढतात का?

ओरेगनकर
शनिवारी अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या खोऱ्यातल्या एका ओढ्यावर पिल्लं मोजायला स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. दोन तराफ्यांच्या मध्ये अर्धं बुडालेलं भलंमोठं नरसाळं असतं, आत मळसूत्रासारखी पाती. प्रवाहानेच गरगरतं. समुद्राकडे निघालेली सॅमन आणि स्टीलहेडची पिल्लं (स्टीलहेड म्हणजे समुद्रवारी करून येणारा रेनबो ट्राउटच) त्यात शिरली की मागच्या पेटीत जमा. मग गुंगीच्या पाण्यात टाका, लांबी घ्या, वजन करा आणि काहींच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी, म्हणजे पिट टॅग, सुईने सरकवा. शुद्धीवर आली की सोडा.

बोटभर पिल्लू. सोडल्यावर बघतो तर माझ्या बोटांना चंदेरी वर्ख, काजूकतली खाल्ल्यासारखा. त्याचे खवले होते ते. दिवसभर मन खट्टू होतं.

या खोऱ्यात 1987 पासून हे टॅग लावताहेत. कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीचा सॉकाय सॅमन 1991 मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला, मागोमाग चिनूक हा दुसरा सॅमन, मग स्टीलहेड. स्नेकवरच्या पिल्लाला लोअर ग्रॅनाइटपासून बॉनव्हिलपर्यंत 8 धरणं ओलांडावी लागतात. 100 पिल्लं गेली तर 2 ते 6 मोठी होऊन समुद्रातून परतावीत हे उद्दिष्ट. रानटी चिनूक बहुतेक वर्षी 2 च्या खालीच. रोग कळलाय, औषध कळलंय, आणि आपण नुसता ताप मोजतोय. माझ्या मते मोजणी ही धरणं न पाडण्याची सबब झाली आहे.

मळसूत्र
ताप मोजायचं वाक्य टाळ्यांचं आहे, पण चुकीचं. तुमच्या त्या दाण्यात बॅटरी नसते. धरणावर पिल्लांसाठी काढलेल्या वाटेत अँटेना असतो, तिथून पिल्लू गेलं की क्रमांक उमटतो. एवढ्यावर काय काय कळलं बघा. कोलंबियाच्या मुखाजवळ राइस आयलंड नावाचं गाळ टाकून झालेलं बेट आहे. तिथे कॅस्पियन टर्न पक्ष्यांची मोठी वसाहत होती. विणीचा हंगाम संपून पक्षी उडाले की माणसं यंत्र घेऊन ती वाळू धुंडाळायची आणि विष्ठेतून पडलेले टॅग सापडायचे. कुठल्या ओढ्याचं पिल्लू कोणाच्या पोटात गेलं, त्याची पावतीच! मग 1999 च्या सुमारास ती वसाहत समुद्राजवळच्या ईस्ट सँड आयलंडकडे वळवली. तिथे अँचोव्ही, हेरिंग असे समुद्रातले छोटे मासे मिळतात, त्यामुळे सॅमनच्या पिल्लांवरचा ताव कमी झाला. मोजलं नसतं तर पक्ष्यांना नुसत्या शिव्या घातल्या असत्या.

आणि नरसाळ्यात सगळी पिल्लं येत नाहीत. काहींना खूण करून वर नेऊन पुन्हा सोडतात. 100 सोडली आणि 10 परत सापडली, तर नरसाळ्यात दहावा हिस्सा येतो असं धरून गुणाकार. ही किमया नाही, तिसरीचं गणित आहे.

वलगणवाला
आमच्या रायगडात पहिल्या पावसाला मासे उलटे शेतात चढतात, ती वलगण. तुमचे उतरणीचे, आमचे चढणीचे. वलगणीचे मासे कमी झाले हे सांगायला गावात कोणाला काचेची कुपी लागली नाही. म्हातारी माणसं टोपली बघून सांगतात.

मळसूत्र
काका, कमी झाले हे टोपली सांगते. कशाने, ते सांगते का? बांध, रसायनं, की पिल्लं-अंड्यांसकट उपसणारी आपलीच जाळी? यावर गावात एकमत असेल तर कळवा.

वलगणवाला
एकमत नाही. भांडण आहे.

स्पोकेनकर
धरणं पाडा म्हणणं ओरेगनच्या पोर्टलंडमध्ये बसून सोपं आहे. त्या 8 पैकी लोअर स्नेकची, म्हणजे स्नेकच्या खालच्या टप्प्यातली 4 धरणं मिळून सरासरी 1000 मेगावॅटच्या आसपास वीज देतात. आयडाहोतलं लुइस्टन समुद्रापासून साडेसातशे किलोमीटर आत, तरी तिथून गहू बार्जने निघतो. तो उद्या ट्रकवर घालायचा का? मोजणीचा खर्चही शेवटी आमच्या वीजबिलातच येतो, तेव्हा तिच्यावर माझाही राग आहे, फक्त उलट्या बाजूने.

ओरेगनकर
कॅलिफोर्निया-ओरेगनमधल्या क्लॅमथ नदीचं उदाहरण घ्या. 2024 पर्यंत 4 धरणं काढली आणि त्याच शरदात सॅमन वर ओरेगनपर्यंत पोचले.

स्पोकेनकर
ती चारही मिळून 163 मेगावॅटची होती. तुलना तरी धड करा.

मळसूत्र
क्लॅमथचीच दुसरी गोष्ट. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर हॅचरीत (माशांच्या पैदास केंद्रात) वाढवलेली सुमारे 8 लाख 30 हजार चिनूक पिल्लं धरणाच्या वरच्या बाजूला सोडली आणि ती मेली. मेलेली पिल्लं तपासली तेव्हा अंगात गॅसचे बुडबुडे झाल्याची लक्षणं दिसली. आयर्न गेट धरणाच्या बोगद्यातून जाताना दाब बदलल्याने तसं झालं असा निष्कर्ष निघाला. मग धरण निघेपर्यंत पुढची पिल्लं त्याच्या खाली सोडायचं ठरलं. स्नेकवरही सांडव्यावरून पाणी जास्त सोडलं की पिल्लं टर्बाइन टाळतात, पण पाण्यात वायू वाढतो. म्हणून पकडलेल्या पिल्लांचे पर भिंगाखाली धरून बुडबुडे शोधतात. हे बघितल्याशिवाय सांडवा किती उघडायचा ते कसं ठरवणार? ओरेगनकर, धरणं पाडायला माझा विरोध नाहीच. पण पाडल्यावर फरक पडला की नाही, ते तुम्ही कोणाला विचारणार?

एक विचारतो, राग मानू नका. पिल्लू धरण्याआधी हात ओले केले होते का? या वयात त्यांचे खवले अगदी सैल असतात, कोरड्या हाताला लगेच निघतात.

ओरेगनकर
नव्हते केले. कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. येत्या शनिवारी पुन्हा जातोय, बादलीत हात बुडवूनच पिल्लाला हात लावीन. धरणांबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

स्पोकेनकर
माझंही. पण या शनिवारी जागा असेल तर कळवा, ते नरसाळं बघायचंय.