मदत हवी आहे: बायकोला न विचारता फाउंडेशनची शेड कशी निवडायची?

नमस्कार मंडळी. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला लिपस्टिक आणि फाउंडेशन द्यायचं आहे, तिला पत्ता लागू न देता. बजेट दोन हजार.

लिपस्टिकचं जमेल. रोजच्या वापरातल्या कांडीच्या तळाला छोटा गोल स्टिकर असतो, त्यावर शेडचं नाव आणि नंबर. त्याचा फोटो दुकानात दाखवायचा. मॅट की क्रीम, तेही जुळवायचं, नाहीतर तोच रंग ओठांवर वेगळा दिसतो.

घोडं अडलंय फाउंडेशनपाशी. बाटलीवरचा नंबर पार पुसला गेलाय. काउंटरवर मनगटावर लावून दाखवतात, पण हाताचा आणि चेहऱ्याचा रंग सहसा एक नसतो. खरं तर जबड्याच्या कडेला लावून, दहा-पंधरा मिनिटं थांबून, दारात दिवसाच्या उजेडात बघायला हवं. बरीच फाउंडेशन्स सुकल्यावर थोडी गडद होतात आणि दुकानातल्या पिवळ्या दिव्यात ते कळतच नाही. त्यात अंडरटोन (त्वचेच्या रंगातली पिवळसर किंवा गुलाबी झाक) चुकला, तर गोरेपणा-सावळेपणा जुळूनही चेहरा राखाडी दिसतो. आणि हे सगळं ती सोबत नसताना!

जुन्या बाटलीतले दोन थेंब पांढऱ्या कागदावर सुकवून नेले, तर शेड जुळवता येईल का? की कागद तेल शोषतो म्हणून काचेचा तुकडा बरा? सील न फोडलेली बाटली बदलून देतात का, आणि बिलावर तसं लिहून घ्यावं का? फाउंडेशनऐवजी काजळ-कॉम्पॅक्ट घ्या असं कृपया सुचवू नका, तिचं फाउंडेशनच संपत आलंय.