मदत हवी आहे : ऐकणारा नसेल तर गाणे उरते का?

नमस्कार. फोंड्यातील एका वाचनालयात मी दर रविवारी आठवी-नववीच्या मुलांसाठी विज्ञानवाचन घेते. १९७७ साली अंतराळात निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरील, कुणा परग्रहवासीयांना सापडली तर म्हणून पाठवलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत आपल्या तालुक्यातील केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, आणि ५५ भाषांतील अभिवादनांत मराठीही आहे, हे ऐकून मुलांचे चेहरे खुलले. तबकडीच्या आवरणावरील युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) सुमारे ४.५ अब्ज वर्षे असल्याने, त्याच्या उरलेल्या प्रमाणावरून सापडणाऱ्याला तबकडीचे वय काढता येईल, इथपर्यंत मी समजावू शकले. तेव्हा एका मुलीने विचारले, "माणूसच उरला नाही आणि ज्यांना ती सापडेल त्यांना कानच नसले, तर ते गाणे राहील की नुसत्या खाचा?"

मी निरुत्तर झाले. इतक्या खऱ्या प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर देणे मला पटेना.

शब्द नित्य असून ध्वनी त्याला केवळ प्रकट करतो, हे मीमांसकांचे (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाच्या अनुयायांचे) मत मला येथे जवळचे वाटते, परंतु ते स्वरांना लागू होईल का, आणि झाल्यास या वयाच्या मुलांपुढे सोप्या मराठीत कसे मांडावे, हे तत्त्वज्ञान वा भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या जाणकारांनी कृपया सुचवावे. येत्या रविवारी तिला उत्तर द्यायचे आहे.