गंगेतला गाळउपसा आणि डॉल्फिन: 'देखभाल' म्हटलं की नियम संपतात का?

मुक्ता_भागलपूर

काल इथे एका सदस्यांनी लिहिलं, "गंगेतले डॉल्फिन वाढून ६,३२७ झाले. जलमार्ग चालू, ड्रेजिंग चालू, तरी वाढले. आता पर्यावरणवाल्यांनी गप्प बसावं." त्याला धडाधड अंगठे मिळाले, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

वाढले कशावरून? मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेला हा आकडा नद्यांमधल्या डॉल्फिनच्या देशातल्या पहिल्या एकत्रित मोजणीचा आहे. २०२१ ते २०२३ या काळात आठ राज्यांतल्या २८ नद्या मोजल्या. त्यातले तीन डॉल्फिन तर गंगेचे नाहीतच, ते पंजाबातल्या बियासमधले सिंधू डॉल्फिन. याआधी अशी मोजणी झालेलीच नाही, मग वाढ मोजली कशाच्या तुलनेत?

आता ड्रेजिंगचं, म्हणजे गाळउपशाचं. राष्ट्रीय जलमार्ग १ म्हणजे अलाहाबाद ते हल्दिया, १,६२० किलोमीटर. हल्दिया ते बाढ ३ मीटर, पुढे गाझीपूरपर्यंत २.५ आणि वाराणसीपर्यंत २.२ मीटर खोली कायम ठेवायची, तीही ४५ मीटर रुंद पट्ट्यात. नदी दर पावसाळ्यात गाळ आणून टाकते, म्हणून उपसा दरवर्षी. आणि तो होतो कधी? पाणी उतरल्यावर, थेट उन्हाळ्यापर्यंत. त्याच काळात डॉल्फिनला जागा सगळ्यात कमी असते. ज्या प्राण्याच्या डोळ्यात भिंगच नाही, जो फक्त आवाजावर मासा शोधतो, वाट शोधतो आणि पिल्लाला जवळ ठेवतो, त्याच्या शेजारी दिवसरात्र पंप.

हे सगळं 'देखभाल ड्रेजिंग' (एकदा खोल केलेला मार्ग तसाच राखण्यासाठीचा उपसा) या नावाखाली पर्यावरण मंजुरीशिवाय चालतं. पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेतली २००९ ची दुरुस्ती वाचा. देखभाल ड्रेजिंगला सूट आहे, पण ते मूळ प्रकल्पाच्या मंजूर प्रस्तावाचा भाग असेल तरच. गंगेच्या जलमार्गाला मूळ मंजुरी कधी मिळाली? जलमार्ग विकास प्रकल्पाला, म्हणजे याच जलमार्गाच्या सुधारणेला, तिची गरजच नाही, असं पर्यावरण मंत्रालयाने धरलं. माझी मागणी एवढीच की ही सूट बंद करा, आणि कुठे, कधी, किती आवाजात उपसायचं याचे नियम करा.

ड्रेजमास्तर

ताई, मी नोकरीची सगळी वर्षं कटर सक्शन ड्रेझरवर, म्हणजे तळ कापून गाळ पंपाने ओढणाऱ्या बोटीवर काढली, त्यातली काही नदीत. म्हणून चार गोष्टी सांगतो.

एक तर ड्रेझर डोहात जात नाही. डोहात पाणी असतंच, तिथे काय उपसणार? आम्ही जातो उथळ पट्ट्यांवर, आणि डॉल्फिन राहतो डोहात, संगमावर, वळणाच्या भोवऱ्यात. पावसाळ्यानंतर पात्र नवं असतं. यंदा कुठे गाळ बसला हे ऑक्टोबरच्या सर्व्हेशिवाय कळत नाही. मग मंजुरीचा अर्ज कुठल्या जागेचा करायचा आणि जनसुनावणी कशावर घ्यायची? ती संपेपर्यंत पुढचा पूर येईल.

डॉल्फिन मरतो जाळ्यात अडकून. तेलासाठीही त्याला मारत आले आहेत, ते तेल मासे पकडायला वापरतात. मी काम केलं तिथे डॉल्फिन ड्रेझरपासून थोड्या अंतरावर वर येताना रोज दिसायचे. आणि दोन हजार टनांचं एक मालवाहू बार्ज म्हणजे शंभरावर ट्रक रस्त्यावरून कमी. त्या ट्रकच्या धुराचा हिशोब कोण करणार?

ध्वनिलहरी

मास्तर, वर येताना दिसले म्हणजे त्रास होत नव्हता, हे कसं ठरवलंत? श्वासाला वर यावंच लागतं. प्रश्न पाण्याखाली काय होतं याचा आहे. २०१९ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये गंगेतल्या डॉल्फिनवरचा निबंध आला, लेखकांत आपले डॉल्फिन-अभ्यासक नचिकेत केळकरही आहेत. बोटींचा आवाज वाढला की डॉल्फिनना स्वतःचे आवाज बदलावे लागतात, त्यात ताकद खर्च होते, आणि पाणी उथळ असताना हा ताण सगळ्यात जास्त असतो, असं त्यात दिसलं.

ड्रेजमास्तर

तो अभ्यास बोटींचा. ड्रेझरचा नव्हे.

ध्वनिलहरी

ड्रेझरचा हवा? स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन बंदरातला, २०१३ चा. ती जागा डॉल्फिनच्या नेहमीच्या खाण्याची, तरी ड्रेजिंग वाढलं तसा त्यांचा तिथला वावर कमी झाला. आणि समुद्रातल्या डॉल्फिनला बाजूला व्हायला समुद्र आहे. मे महिन्यातल्या गंगेत बाजूला म्हणजे कुठे? उथळ पट्ट्यावर ड्रेझर, म्हणजे दोन डोहांच्या मधल्या वाटेवरच ड्रेझर.

कायदेपंडित_नाशिक

कायद्याचं बोलू. गंगेतला डॉल्फिन वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, २०१० पासून राष्ट्रीय जलचर आहे. पण अधिवासाला हात लावायला परवानगी लागते ती कलम २९ खाली, आणि ते कलम फक्त अभयारण्यापुरतं. डॉल्फिनसाठीचं विक्रमशिला अभयारण्य बिहारमधल्या सुलतानगंज ते कहलगाव, पन्नास-साठ किलोमीटर. १,६२० मधले बाकीचे बहुतेक किलोमीटर उघडे.

आणि हा बिहारचा प्रश्न समजू नका. २०१६ च्या कायद्याने १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यात आपल्या कोकणातली अंबा आहे, कुंडलिका आहे, सावित्री, दाभोळ खाडी आणि वाशिष्ठी, गोव्याची मांडवी, झुआरी, कुंभारजुवे कालवा.

वाशिष्ठीकाठी

दाभोळ खाडीचं नाव निघालं म्हणून लिहितो. नाहीतर तुमच्या अभ्यासांच्या भांडणात पडणार नव्हतो.

खाडीत वाळू आम्ही पिढ्यान्‌पिढ्या काढली. हातपाटी आणि डुबी. माणूस बुडी मारून बादली भरायचा, होडी भरली की दिवस संपला. माझ्या वडिलांचे कान त्यातच गेले. माणसाच्या दमाला मर्यादा होती, तीच खाडीची मर्यादा होती. मग सक्शन पंप आले. रात्री लावायचे, पहाटेपर्यंत बार्ज भरलेली. काठ खचले, आमच्या वाडीच्या खाजणाचा बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं, आता तिथे भात होत नाही. तिसऱ्या, मुळे हे शिंपले आमच्या बायका ओहोटीला वेचायच्या, तो तळच उरला नाही. खाडीच्या तोंडाशी बोय माशांच्या मागे डॉल्फिन यायचे, ते लहानपणी होडीतून पाहिलेत. आता कधीतरी दिसतात.

तक्रार केली तर महसूलवाले म्हणतात बंदरवाल्यांना विचारा, बंदरवाले म्हणतात हा जलवाहतुकीसाठी काढलेला गाळ आहे. वाळू विकली जाते आणि कागदावर गाळ काढला जातो.

बांधकाम_मित्र

दादा, तुमचं दुःख खरं असेल, पण घरं कशाने बांधायची? २०२३ ला सरकारने ६०० रुपये ब्रासचं धोरण आणलं. माझ्या साइटवर त्या भावाने एक गाडी आली नाही. वाळू बंद, वाळूगट बंद, लिलाव बंद म्हणत राहाल तर चोरीच वाढणार. हातपाटीच्या वाळूवर आज एका तालुक्याची घरकुलं तरी होतील का?

वाशिष्ठीकाठी

घरकुलाचं नाव पुढे करू नका. आमच्या खाडीतली वाळू घरकुलाला गेलेली मी पाहिलेली नाही, टॉवरला गेलेली पाहिली आहे.

बांधकाम_मित्र

टॉवरमध्ये माणसंच राहतात, मुंबईत खोली घेणारी कोकणातलीही. मी परवाना घेऊन धंदा करतो, जीएसटी भरतो. प्रत्येक वाळूवाला चोर, हे ऐकून घेणार नाही.

वाशिष्ठीकाठी

तुम्हाला चोर म्हटलेलं नाही. पंप रात्रीच का लागतो, एवढं सांगा. सरळ काम असेल तर दिवसा करा.

रायगडवासी

रात्रीच्या पंपाचं मी सांगते. आमचं घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. तो आवाज घरात भिंतीतून येतो, मुलं परीक्षेच्या दिवसांत झोपली नाहीत. पाण्याच्या आत काय होत असेल याचा विचार तेव्हा मनात आला नव्हता, या धाग्यामुळे आला. दगडाची वाळू निघाली आहे, ती वापरा. खाडीचा तळ दोन पावसात भरून येत नाही.

बांधकाम_मित्र

क्रशची वाळू प्लास्टरला चालत नाही, असं गवंडी सांगतात. आणि तिच्यासाठी डोंगर फोडला की तुम्हीच डोंगरासाठी धागा काढाल.

कायदेपंडित_नाशिक

प्लास्टरसाठी वेगळी बारीक दगडी वाळू मिळते, ती वेगळी मागवावी लागते. पण आपण डॉल्फिनवरून प्लास्टरवर आलो.

मुक्ता_भागलपूर

आलो, आणि मला ते चुकीचं वाटत नाही. वाशिष्ठीवाल्या दादांनी सांगितलं तोच माझा मुद्दा आहे. गंगेत जे 'देखभाल' म्हणून सुटतं, ते कोकणात 'जलवाहतुकीचा गाळ' म्हणून सुटतं. कोकणच्या किनाऱ्याचा कुबडा डॉल्फिन आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त आहे, आणि तो राहतो उथळ पाण्यात, किनाऱ्यालगत, नदीमुखांशी. ड्रेझर येतो तिथेच.

मुरगावकार

गोव्यातून लिहितो. इथे नियम चालला, म्हणून सांगतो. मुरगाव बंदराचा चॅनल मोठ्या जहाजांसाठी खोल करायला घेतला, जनसुनावणी न घेता मंजुरी दिली. मच्छीमार हरित लवादात गेले आणि २०१६ मध्ये ती मंजुरी रद्द झाली. पण ते नवं खोदकाम होतं. तेच काम देखभाल म्हणून कागदावर आलं असतं, तर रद्द करायला मंजुरीच नसती. मुक्ताबाई म्हणतात ती पळवाट खरी आहे.

ड्रेजमास्तर

मुरगावचं काम मला माहीत आहे, माझे सहकारी तिथे होते. काम थांबल्यावर त्यांच्यातल्या कंत्राटी पोरांचे पगार अडकले, त्याबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही.

आणि चीनकडे बघा. यांगत्सेमध्ये आपल्यापेक्षा किती तरी जास्त जहाजं, ड्रेजिंगही चालू. तरी तिथली पाठीवर पर नसलेली पॉरपॉइज (डॉल्फिनसारखाच प्राणी) २०१७ मध्ये १,०१२ होती, ती २०२२ मध्ये १,२४९ झाली. कशाने? २०२१ पासून दहा वर्षं मासेमारी बंद केली म्हणून. जाळी हटवा, प्राणी वाचतो. पण मच्छीमारांना हात लावायची हिंमत कुणात नाही, म्हणून ड्रेझरला धरायचं.

ध्वनिलहरी

यांगत्सेचं अर्धं सांगितलंत. त्याच नदीतला बैजी डॉल्फिन २००६ च्या शोधमोहिमेत एकही सापडला नाही. मुख्य पात्रातला वाळूउपसा तिथे २००० च्या सुमारास बंद केला, तर सगळे ड्रेझर पोयांग सरोवरात गेले, आणि पॉरपॉइजचं मोठं घर तेच. एका जागी नियम करून दुसरी मोकळी सोडली की असं होतं. आपल्याकडे अभयारण्य आणि बाकीची नदी, तेच.

वाशिष्ठीकाठी

मास्तर, जाळी हटवा म्हणणं सोपं. चीनने मच्छीमारांना पैसे देऊन, दुसरी कामं देऊन किनाऱ्यावर बसवलं. आम्हाला कोण देणार? आमच्या जाळ्यात डॉल्फिन अडकतो, हे मी नाकारत नाही. अडकला की जाळं कापून सोडतो, जाळ्याचं नुकसान आमचं. पंपवाल्याने डॉल्फिनसाठी एक रात्र पंप बंद ठेवलेला दाखवा.

ड्रेजमास्तर

माझ्यावर आवाज चढवू नका. मी तुमच्या खाडीतला पंपवाला नाही. ते चोरटे पंप आणि सर्व्हे करून, चार्ट घेऊन चालणारा ड्रेझर यात फरक आहे, आणि तो फरक इथे कुणालाच करायचा नाही.

मुक्ता_भागलपूर

फरक मान्य आहे. तो नियमात लिहायला सांगते आहे. हाँगकाँगला भरावाच्या कामांत २५० मीटरचा पट्टा धरतात. काम सुरू करण्याआधी अर्धा तास पहारा, डॉल्फिन दिसला तर काम थांबतं. आपल्या गढूळ नदीत नुसती नजर पुरणार नाही, पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक सोडावा लागेल. जागेचा प्रश्न तुम्ही बरोबर मांडलात, ती ऑक्टोबरला ठरते. म्हणून एकेका जागेची जनसुनावणी नको, पूर्ण जलमार्गाची एकदा मंजुरी घ्या आणि तिच्या अटी दरवर्षीच्या सर्व्हेला लावा. डोहापासून किती अंतर, पाणी किती खाली गेलं की काम बंद, रात्री किती तास शांतता, उपसलेला गाळ कुठे टाकायचा, हे सगळं आधी ठरलेलं असू द्या आणि लोकांना वाचता येऊ द्या.

इथल्या घाटावरचे नावाडी डॉल्फिनला सोंस म्हणतात. यंदा तो कुठल्या वळणावर आहे हे त्यांना ठाऊक असतं. सर्व्हेच्या बोटीत त्यांच्यातला एक माणूस बसवायला काय लागतं?

ड्रेजमास्तर

नावाडी बसवा, माझी हरकत नाही. आम्हीही चॅनल त्यांनाच विचारायचो. रात्रीची शांतताही चालेल, पण मग रोजची खोली राखण्याची जी अट कंत्राटात असते ती सैल करावी लागेल, नाहीतर दंड ड्रेझरवाल्याला. आणि जिथे बांबूचे बंडल लावून प्रवाह वळवता येतो तिथे ड्रेझर आणूच नये, हे मी नोकरीत असतानाही सांगत होतो. जलमार्ग प्राधिकरण असं बंडलिंग करतंच, ते आणखी वाढवता येईल.

पण एकदाची मंजुरी म्हणता, तीही दोन-तीन वर्षं लटकणार. तेवढे दिवस जलमार्ग बंद ठेवायला माझा विरोध आहे आणि राहील.

मुक्ता_भागलपूर

बंद ठेवा म्हटलेलं नाही. मंजुरी येईपर्यंत फेब्रुवारी ते मे उपसा नको, एवढं आत्ताही करता येईल.

ड्रेजमास्तर

एप्रिल-मे मान्य. फेब्रुवारी-मार्च नाही. त्याच वेळी बार्ज अडकतात.

वाशिष्ठीकाठी

तुमचं गंगेचं जुळत आलं. आमच्या खाडीसाठी अर्ज करायचा तर कुणाच्या नावाने, महसूल, सागरी मंडळ की वनखातं? नाशिकचे वकीलसाहेब, एवढं सांगा.

कायदेपंडित_नाशिक

तिघांनाही, एकाच दिवशी, एकच मजकूर. तिन्ही पोचपावत्या जपून ठेवा. डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहे हे पहिल्या परिच्छेदात घाला, वाळूचं दुसऱ्यात. मसुदा मी रविवारी करून देतो, तोवर पंप लागलेल्या रात्रींच्या तारखा आणि जागा लिहून पाठवा.