लिव्हिंग विलवर कॅथलिकाने सही करावी की नाही?

बावखल
"लिव्हिंग विल म्हणजे मागच्या दाराने आणलेलं इच्छामरण. सही करणारा कॅथलिक पाचवी आज्ञा मोडतो." काल इथे आलेलं हे वाक्य वाचल्यापासून चैन नाही. लिव्हिंग विल म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, आणि पाचवी आज्ञा म्हणजे 'खून करू नको'. असल्या वाक्यांनी आपली माणसं घाबरतात आणि आयसीयूच्या दारात भलतेच निर्णय घेऊन बसतात.

पोप बारावे पायस २४ नोव्हेंबर १९५७ ला भूलतज्ज्ञांशी बोलले तेव्हा प्रश्न श्वसनयंत्राचाच होता. त्यांचं उत्तर स्पष्ट होतं: नेहमीचे उपाय करणं बंधनकारक, असाधारण उपाय करणं बंधनकारक नाही. कॅटेकिझमचा (चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथाचा) परिच्छेद २२७८ तेच सांगतो. उपचाराचा जाच फायद्यापेक्षा जास्त होत असेल तर तो थांबवता येतो. तिथे मरण घडवायचा हेतू नसतो, ते आता अडवता येत नाही एवढं मान्य केलेलं असतं. मग हीच गोष्ट शुद्धीत असताना कागदावर लिहून ठेवली तर पाप कसं?

निर्मळकर
पोस्ट माझी होती आणि मी त्यावर ठाम आहे. तुम्ही १९५७ वर थांबलात. २००४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सांगितलं की नळीने दिलेलं अन्नपाणीसुद्धा औषधोपचार नव्हे, ती माणसाची साधी गरज आहे. २००७ मध्ये व्हॅटिकनने ते पुन्हा लेखी दिलं. आणि लिव्हिंग विलचे छापील नमुने काय म्हणतात? "जीवनरक्षक उपचार नकोत", एका ओळीत सगळं! त्या ओळीत व्हेंटिलेटर आला, डायलिसिस आलं आणि नाकातली नळीही आली. वर्षानुवर्षं अंथरुणावर बेशुद्ध पडलेल्या माणसाची नळी काढली की तो आजाराने मरत नाही, उपाशी मरतो. याला माझ्याकडे दुसरं नाव नाही.

रात्रपाळी
नळीबद्दल इतक्या खात्रीने बोलताय, तर ती रोज कशी चालते ते माझ्यासारख्या नर्सकडूनही ऐका.

रायल्स ट्यूब नाकातून जठरात जाते. पहिला फीड (नळीतून द्यायचं पातळ अन्न) देण्याआधी एक्स-रे हवा. सिरिंजने हवा मारून पोटावर स्टेथोस्कोप लावणं भरवशाचं नाही, नळी फुप्फुसात असली तरी आवाज येतो. त्यानंतर प्रत्येक फीडआधी नळीवरची नाकाजवळची खूण सरकली का ते पाहायचं. डोकं ३० ते ४५ अंश वर, २०० ते २५० मिली फीड हळूहळू, मग ३० मिली पाणी, आणि पुढे निदान अर्धा तास पेशंटला आडवं करायचं नाही. घरी बहुतेक वेळा चुकतं ते इथेच. फीड संपला की उशी काढतात, पोटातलं वर येतं आणि श्वासनळीत उतरतं.

भ्रमिष्ट झालेला पेशंट नळी उपसतो, मग त्याचे हात बांधावे लागतात. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) शेवटच्या टप्प्यात नळीने न्यूमोनिया टळतही नाही, कारण लाळ तर घशातूनच आत उतरते. अखेरच्या दिवसांत शरीर पाणी घेईनासं होतं. तरी लोटत राहिलात की पाय सुजतात, छातीत घुरघुर वाढते. ही तुमची साधी गरज?

निर्मळकर
डिमेन्शिया आणि मरणपंथाला लागलेला माणूस तुम्ही मध्ये आणलात. मी बोलत होतो स्थिर असलेल्या, पण शुद्धीवर नसलेल्या माणसाबद्दल. विषय बदलू नका! हल्ल्यानंतर कायमच्या बेशुद्धावस्थेत गेलेल्या अरुणा शानबागना मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या परिचारिकांनी ४२ वर्षं सांभाळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांचं अन्न थांबवण्याच्या मागणीवर सुनावणी झाली, तेव्हा ठाम उभ्या राहिल्या त्या परिचारिकाच. त्या तर तुमच्याच व्यवसायातल्या.

रात्रपाळी
हो, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्यांनी कितीतरी वर्षं कुस्करलेलं अन्न तोंडाने भरवलं, हे विसरू नका. मी तेच म्हणतेय. गिळता येतंय तोवर हाताने भरवा. पेशंटला ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा घट्टसर पेज. गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा घास. साधं पाणी पेजेपेक्षा लवकर ठसका लावतं. याला पाऊण तास लागतो आणि तो वेळ कुणाला द्यायचा नसतो, म्हणून नळी मागतात. नळी म्हणजे प्रेम आणि नळी नको म्हणजे खून, ही विभागणी मला मान्य नाही.

बावखल
निर्मळकर, २००७ चं उत्तर पूर्ण वाचा. "तत्त्वतः" असा शब्द आहे तिथे. शरीर अन्न स्वीकारत नसेल किंवा नळीचाच जाच असह्य होत असेल, तर ते बंधन राहत नाही.

निर्मळकर
वाचलंय. अपवाद म्हणून लिहिलंय, तुम्ही त्याचा नियम करताय. मरणाच्या दारातल्या माणसावर फीड लोटू नये हे मान्य, ते मी कधी नाकारलंच नव्हतं. पण कागदावर हा फरक कोण लिहितो?

विरार_वकील
लिहिणाऱ्याने लिहायचा. छापील नमुना बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत होती. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. तुमच्या वतीने बोलणाऱ्या एकाहून जास्त व्यक्तींची नावं घालता येतात. प्रत महापालिका, ग्रामपंचायत अशा स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची.

कागद आहे म्हणून कुणी लगेच प्लग काढत नाही. आधी उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञांचं प्राथमिक मंडळ, मग दुसरं मंडळ, निर्णय शक्यतो ४८ तासांत, आणि अंमल करण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं. कागद नसेल तरी साधारण हीच प्रक्रिया नातेवाइकांच्या संमतीने होते. म्हणजे सही टाळून तुम्ही काही वाचवत नाही, फक्त बोलणारा बदलतो.

धर्मग्राम_सेवक
सगळे नळीत अडकलात. तैलाभ्यंगाचं, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायच्या संस्काराचं कोण बोलणार? पेशंट व्हेंटिलेटरवर गेल्यावर फादरना फोन जातो. तोवर पापनिवेदन नाही, ख्रिस्तशरीर (कम्युनियन) नाही. अभ्यंग गंभीर आजारासाठी आहे, मोठ्या ऑपरेशनआधीही घेता येतो. "फादरना बघून आजोबा घाबरतील" म्हणून त्यांचा हक्क हिरावून घेतात! हे त्या कागदात पहिल्या ओळीत आलं पाहिजे.

रात्रपाळी
आणि मॉर्फिनही लिहा. "त्याने जीव जाईल" म्हणत नातेवाईक ते बंद करायला लावतात आणि पेशंट रात्रभर कण्हत राहतो. मरण आणायचा हेतू नसेल तर वेदनाशामक द्यायला चर्चची मनाई नाही, परिच्छेद २२७९ बघा. फक्त डोस थोड्यापासून वाढवायचा आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून, नाहीतर बद्धकोष्ठाने माणूस नको म्हणतो.

निर्मळकर
मॉर्फिनला माझा विरोध नाही. कागदालाही नसेल, पण असा असेल तर: "मरण घडवण्याच्या हेतूने काही करू नये किंवा थांबवू नये. शरीर स्वीकारतंय तोवर अन्नपाणी द्यावं." ही दोन वाक्यं नसलेल्या कागदावर मी सही करणार नाही आणि कुणाला करू देणार नाही. "पाचवी आज्ञा मोडतो" हे वाक्य तेवढ्यापुरतं मागे घेतो.

विरार_वकील
दुसऱ्या वाक्यात "तोंडाने किंवा नळीने" घाला, नाहीतर मंडळापुढे त्यावरूनच वाद होईल. आणि शरीर स्वीकारतंय की नाही हे कोण ठरवणार, त्या डॉक्टरांचाही उल्लेख हवा.

रात्रपाळी
"नळीने" घालणार असाल तर "हात बांधून नव्हे" हेही घाला. त्याशिवाय माझी संमती नाही.